धरणाचे पाणी आणि अदृश्य नाणे

मुलांनो, पावसाळ्यात लोणावळ्यास गेलात, तर वळवणचे धरण अवश्य पाहा. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस तेथे साठतो. ते पाणी प्रचंड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरते आणि तेथील चक्रे फिरवून वीज निर्माण करते. जमशेटजी टाटा यांचे हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर, १९१५ साली, साकार झाले. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. जितके माग अधिक, तितके कापड अधिक, असा तो सरळ हिशेब होता.

आज विजेला एक निराळेच गिऱ्हाईक मिळाले आहे. ते म्हणजे २००९ साली सुरू झालेले ‘बिटकॉइन’ हे आभासी चलन. त्याला टाकसाळ नाही, पेढी नाही. देवघेवीची एकच खातेवही जगभरातील हजारो संगणकांत ठेवलेली असते. मग तिचे नवे पान कोणी लिहावे? त्यासाठी संगणकांची शर्यत लागते. एक कूट संख्या शोधून काढावयाची असते. येथे कोणतीही युक्ती चालत नाही; एकामागून एक संख्या घालून पाहावी लागते. ज्यास ती प्रथम सापडते, तो पान लिहितो व बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवतो.

खरी गंमत पुढेच आहे. सुमारे दहा मिनिटांस एक पान, असा या वहीचा नियम आहे. शर्यतीत नवे संगणक उतरून पाने भराभर होऊ लागली, की सुमारे दोन आठवड्यांनी कोडे आपोआप अधिक कठीण होते. म्हणजे संगणक दुप्पट झाले, तरी पाने तेवढीच. वाढतो तो केवळ विजेचा खर्च. एखाद्या मध्यम आकाराच्या देशास वर्षभर पुरेल इतकी वीज आज या शर्यतीत खर्ची पडते.

हा खर्च व्यर्थच आहे काय? बिटकॉइनचे समर्थक म्हणतात, ही वहीची राखण आहे. खोटे पान घुसडू पाहणाऱ्यास इतर सर्वांहून अधिक बळ व वीज खर्चावी लागेल. यात तथ्य आहे. परंतु ‘इथेरियम’ या दुसऱ्या चलनाने २०२२ साली ही शर्यतच बंद केली. पान लिहू इच्छिणाऱ्याने आपली नाणी तारण ठेवावी आणि लबाडी केल्यास ती गमवावी, असा नियम तेथे झाला. त्यामुळे विजेचा खर्च शेकडा ९९ हून अधिक घटला.

वीज कधीच फुकट नसते. जवळच्याच मुळशी खोऱ्यात विजेसाठी धरण होऊ लागले, तेव्हा आपल्या जमिनी वाचविण्यासाठी तेथील मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. अखेर धरण झाले आणि शेते पाण्याखाली गेली. म्हणून कोणतेही यंत्र चालविताना दोन प्रश्न विचारावेत : या विजेसाठी कोणी काय दिले? आणि तिच्यातून कोणास काय मिळाले?