मक्याची उपासमार पानावरून ओळखा

मका पिवळा पडला की युरिया टाकायचा, ही सवय महागात पडते. आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहावे. नत्र, स्फुरद आणि पालाश ही अन्नद्रव्ये झाडात जुन्या पानांतून नव्या पानांकडे जातात, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते.

नत्र कमी पडले तर पान शेंड्याकडून मधल्या शिरेलगत इंग्रजी 'व्ही'च्या आकारात पिवळे होते. पालाश कमी असेल तर पानाच्या कडा करपतात. स्फुरदाअभावी कोवळ्या रोपांची पाने जांभळट होतात; मात्र थंडीतही असे घडते आणि ऊब वाढली की रंग पुष्कळदा निवळतो.

पोंग्यातल्या नव्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे दिसले, तर ती जस्ताची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची. त्यासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट व 25 ग्रॅम विरवलेला चुना मिसळून, गाळून फवारावे.

नत्राचा हप्ता खुरपणीनंतर, जमिनीत ओल असताना द्यावा. साचलेल्या पाण्यानेही मका पिवळा पडतो; तिथे आधी चर काढावा. पुढच्या पेरणीपूर्वी माती परीक्षण जरूर करून घ्यावे.