पाचशे यार्डांवरची जबाबदारी

शिकारकथांची गोडी मराठी वाचकाला जुनी आहे. जिम कॉर्बेटचे नरभक्षक वाघ मराठीत आले आणि आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्यावर वाढल्या. पण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकार आपल्याकडे पुस्तकातच उरली. ते उत्तमच झाले. जगात सगळीकडे मात्र तसे नाही. अमेरिकेच्या वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडो या डोंगराळ राज्यांत दर वर्षी पानगळीचे दिवस आले की माणसे परवाना काढून, रजा टाकून हरणांच्या मागे रानात जातात. किती जनावरे मारायची, नर की मादी, कोणत्या आठवड्यात, हे सारे सरकार ठरवून देते. १९३७ च्या एका कायद्यानुसार रायफली आणि काडतुसे यांच्या विक्रीवर तिथे ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या जतनासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातून जंगल राखायचे, असा तो हिशेब आहे.

या शिकाऱ्यांच्या गप्पांत एक विषय कधी संपत नाही. रायफलवर दुर्बीण कोणती बसवावी? आपल्याकडे गाडीच्या ॲव्हरेजवर किंवा आंब्याच्या पेटीवर जसा वाद रंगतो, तसाच हा. वरवर पाहता हौशी लोकांचा चोचला वाटेल. पण थोडे खोलात गेले की लक्षात येते, या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत जनावर उभे आहे. दुर्बिणीने दगा दिला तर ते जनावर मरत नाही. जबडा किंवा पाय फुटून ते दऱ्याखोऱ्यांत नाहीसे होते आणि दिवसचे दिवस तडफडते. म्हणून 'भरवशाची दुर्बीण' या शब्दांना तिथे वजन आहे.

गोळी सरळ जात नाही

पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. गोळी सरळ रेषेत जाते असे आपल्याला सिनेमाने शिकवले. प्रत्यक्षात नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते, जसा फेकलेला दगड पडतो. तिकडे फार चालणारे '.३०८ विंचेस्टर' हे काडतूस घ्या. रायफलचा नेम १०० यार्डांवर बरोबर जुळवून ठेवला, तर ३०० यार्डांवर ही गोळी सुमारे सव्वा फूट खाली लागते आणि ५०० यार्डांवर सुमारे पाच फूट. तेवढे अंतर कापायला तिला साधारण पाऊण सेकंद लागतो. ताशी दहा मैलांचा वारा आडवा वाहत असेल, तर तेवढ्यात तो तिला दीड-दोन फूट बाजूला ढकलतो. आणि हरणाच्या छातीतली ती नेमकी जागा, जिथे गोळी लागली तर ते क्षणात कोसळेल, ती असते आठ-दहा इंचांची. आपल्या घरातल्या जेवणाच्या ताटापेक्षाही लहान.

आता हा पाच फुटांचा फरक भरून कसा काढायचा? दुर्बिणीच्या वर आणि बाजूला दोन गोल चकत्या असतात. चकती फिरवली की 'टिक टिक' असा आवाज होतो आणि आत दिसणारी फुली किंचित सरकते. अमेरिकन दुर्बिणीत बहुधा एक टिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. तीच टिक ५०० यार्डांवर सव्वा इंचाची होते. म्हणजे ५०० यार्डांसाठी जवळजवळ ५० टिका फिरवाव्या लागतात. युरोपात मेट्रिक हिशेब. तिथे एक टिक म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर. शिकारी यातला कोणताही हिशेब धरो, एक अट पक्की: ५० टिका वर नेल्या तर फुली ५० च सरकली पाहिजे, ४७ नाही आणि ५३ नाही. आणि परत ५० टिका खाली आणल्या, तर ती मूळ जागी आली पाहिजे. बाजारातल्या अनेक झगमगीत दुर्बिणी नेमक्या याच परीक्षेत नापास होतात.

केसाएवढेही नाही

रायफलवर दुर्बीण दोन कड्यांत बसवलेली असते. या कड्यांमध्ये साधारण चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर अंतर धरा. रायफलच्या धक्क्याने किंवा जीपच्या खडखडाटाने त्यांतले एक कडे फक्त ०.०३ मिलिमीटर सरकले, तर ५०० यार्डांवर गोळी पाच इंच इकडची तिकडे जाते. ०.०३ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी जाडी! म्हणून अनुभवी शिकारी सांगतात की दुर्बिणीइतकाच पैसा आणि लक्ष कड्यांवर आणि त्यांच्या स्क्रूंवर द्या. स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नयेत, त्यासाठी ताण मोजणारा पान्हा मिळतो. सैल राहिला तर दुर्बीण सरकते, जास्त आवळला तर तिची नळीच चेपते.

धक्क्याची गंमत अशी की, मोठ्या रायफलचा धक्का सोसणारी दुर्बीण स्प्रिंगच्या साध्या छऱ्याच्या बंदुकीवर मोडू शकते. रायफलचा धक्का मागे येतो. स्प्रिंगच्या बंदुकीत आधी मागे आणि लगेच पुढे, असे दोन हिसके बसतात. आतली भिंगे एकाच दिशेचा धक्का सोसायच्या बेताने बसवलेली असतील, तर उलट्या हिसक्याला ती दाद देत नाहीत.

धुके आतले आणि बाहेरचे

बंदुकीवर दुर्बीण बसवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस गावी विल्यम माल्कम हा गृहस्थ १८५५ च्या सुमारास अशा दुर्बिणी बनवू लागला. त्या जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढ्या लांब असत. पुढे १८९८ साली व्हिएन्नात काहलेस ही पेढी निघाली, जर्मनीत त्साइसच्या कारखान्याने भिंगांचे शास्त्रच घडवले. पण एक रोग सगळ्यांना होता. थंड डोंगरातून उबदार तंबूत यावे, किंवा पाऊस लागावा, की नळीतल्या हवेतले बाष्प भिंगावर आतून जमे. बाहेरचे धुके रुमालाने पुसता येते, आतले कसे पुसणार?

ओरेगॉन राज्यातल्या मार्कस ल्यूपोल्ड याची हकीकत शिकाऱ्यांत सांगितली जाते. नेमक्या क्षणी दुर्बीण धुकट झाली, हरीण निसटले, आणि हा गडी पेटला की याहून बरी दुर्बीण मीच करतो. त्याच्या घरच्या कारखान्यात तोवर जमीन आणि पाणी मोजण्याची उपकरणे बनत. १९४७ च्या सुमारास त्यांची दुर्बीण बाजारात आली. नळीतली दमट हवा काढून टाकायची, कोरडा नायट्रोजन वायू भरायचा आणि सांधे बंद करायचे, अशी ती युक्ती. आज कोणत्याही बऱ्या दुर्बिणीत हेच केलेले असते. ते खरोखर झाले आहे की नाही, हे तपासायला काही शिकारी नवी दुर्बीण कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. बुडबुडे आले तर दुर्बीण सरळ दुकानात परत!

मोठे दिसते, म्हणून चांगले?

दुकानात गेलेला नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'किती पट मोठे दिसते?' इथेच तो फसतो. दुर्बिणीवर '३-९ × ४०' असे आकडे असतात. ३ ते ९ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल, आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागा. ४० ला ८ ने भागले तर ५. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका आपल्या डोळ्यात येतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती ५ च्या आसपास येते. जर्मनीत रानडुकरांसाठी मचाणावर सांजेला बसणारे शिकारी पिढ्यान् पिढ्या ८ × ५६ ची दुर्बीण का वापरतात, ते या भागाकारातून कळते: उत्तर ७ येते. उलट, ५० च्या भिंगावर २५ पट मोठेपणा लावला तर उत्तर २. भर दुपारी चालेल. पण हरणे बाहेर पडतात पहाटे आणि सांजेला, तेव्हा समोर अंधूकच दिसणार.

शिवाय पट वाढवली की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी दिसते आणि समोरचा परिसर आक्रसतो. कळपातले जनावर दोन पावले सरकले की दुर्बिणीतून नाहीसे! म्हणून तीनशे यार्डांपर्यंतच्या शिकारीला ९ किंवा १० पट पुष्कळ झाली, असे जुने जाणते सांगतात.

प्रकाशाची दुसरी गोष्ट भिंगांवरच्या लेपाची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परतून वाया जातो. दुर्बिणीत असे बारा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत ६० टक्क्यांच्या आसपासच पोचतो. १९३५ साली त्साइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने काचेवर अगदी पातळ लेप देऊन हे नुकसान रोखण्याची रीत काढली. चष्म्याच्या दुकानात आपण 'अँटी-रिफ्लेक्शन' काच मागतो ना, ती याच वंशातली.

कागदावरची परीक्षा

तर मग निवड कशी करावी? दुकानदाराच्या जाहिरातीवर भिस्त न ठेवता शिकारी कागदाची परीक्षा घेतो. १०० यार्डांवर उंच कागद टांगायचा, ओळंब्याने त्यावर उभी रेघ मारायची. खालच्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या झाडायच्या. मग चकतीच्या ८० टिका वर न्यायच्या आणि पुन्हा त्याच खालच्या ठिपक्यावर नेम धरून तीन झाडायच्या. गोळ्या रेघेवरच आणि सुमारे २१ इंच वर लागल्या पाहिजेत. शेवटी चकती मूळ जागी आणून आणखी तीन. त्या पहिल्या भोकांतच जायला हव्यात. हे सारे करूनही शहाणा शिकारी मोहिमेवर पोचल्यावर, रानात शिरण्याआधी, पुन्हा एक-दोन गोळ्या झाडून पाहतो. विमानाच्या प्रवासात सामानाचे काय हाल होतात, ते त्याला ठाऊक असते.

दुर्बीण काय सांगत नाही

इतके सगळे जमले तरी खरा प्रश्न उरतोच. लेसरचे अंतरमापक आले, मोबाइलवर गोळीचे गणित मांडून मिळू लागले, आणि हजार यार्डांवरून हरीण पाडल्याच्या फुशारक्या सुरू झाल्या. पण ५०० यार्डांवर अंतराच्या अंदाजात ५० यार्डांची चूक झाली, तर गोळी सुमारे एक फूट खाली जाते. वाटेतल्या दरीतला वारा कोणतेच भिंग दाखवत नाही. गोळी निघाल्यावर त्या पाऊण सेकंदात हरणाने एक पाऊल टाकले, तर त्यावर जगातल्या कोणत्याही कारखान्याकडे उपाय नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेला 'बून अँड क्रॉकेट क्लब' ही अमेरिकी शिकाऱ्यांची जुनी संस्था. जनावराला निसटायची रास्त संधी असलीच पाहिजे, हा तिचा पहिला दंडक. आणि केवळ पल्ला दाखवण्यासाठी जिवंत जनावरावर दुरून गोळी झाडण्याला तिचा विरोध आहे.

कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी साध्या उघड्या माशीची होती. त्याची सारी विद्या जनावराच्या जवळ पोचण्यात होती. आपल्या कोल्हापूरकडे पाहा. २०१० साली म्युनिकला जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, यांच्या ५० मीटरच्या रायफलवर दुर्बीण नसतेच. मोठे करून दाखवणारी दुर्बीण त्या स्पर्धेत चालत नाही. बारीक छिद्रातून नेम धरायचा. श्वास, खांदा, बोट आणि मन यांची जी तयारी त्यांनी वर्षानुवर्षे केली, ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आपल्याला यातून घ्यायचे ते वेगळेच. रविवारी सकाळी भिगवणला रोहित पाहायला किंवा ताडोबात वाघाच्या आशेने निघालेल्या कुटुंबाला दुर्बीण लागतेच. तिथेही हाच भागाकार, हाच लेप, हाच नायट्रोजन. मुलासाठी घ्यायची असेल तर '३० पट' वगैरे छापलेल्या खोक्याच्या नादी लागू नका. ८ × ४२ हातात धरा आणि जमलेच तर संध्याकाळी दुकानाबाहेर उभे राहून समोरच्या झाडातली सावली पाहा. फांद्यांमागे काय आहे ते दिसले, तर दुर्बीण चांगली.

आणि तिकडच्या शिकाऱ्याला त्याचे जाणते वडीलधारे जे सांगतात, ते आपणही ऐकून ठेवावे. दुर्बिणीतून सावज स्पष्ट दिसले म्हणजे ते आपल्या टप्प्यात आले, असे नाही. शंका आली तर आणखी शंभर पावले पुढे जावे. जाता येत नसेल, तर चापावरचे बोट काढून घ्यावे आणि त्या देखण्या जनावराला नुसते पाहावे.