कागदावरचा टॉवेल

तुमच्या-आमच्या घरात ज्याला 'टर्किश टॉवेल' म्हणतात, त्यालाच परदेशातला गिऱ्हाईक 'टेरी टॉवेल' म्हणतो. वस्तू एक, नावे दोन. या दोन नावांमधल्या फटीत १९९६ साली सोलापूरच्या एका कारखानदाराचा अख्खा कंटेनर अडकला. कागद तपासून 'बरोबर आहेत' अशी सही करणारा अधिकारी मी होतो.

तेव्हा सोलापूरला आमच्या बँकेच्या शाखेत निर्यातीचे टेबल माझ्याकडे होते. हा गृहस्थ यंत्रमागावर टॉवेल विणवून घेई. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि पत्रव्यवहारापुरते टायपिस्टचे इंग्रजी. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याची ही त्याची दुसरीच ऑर्डर. पहिल्यांदा आला तेव्हा 'पॅकिंग क्रेडिट' या शब्दावर अडला. "खोक्यांसाठी कर्ज कशाला, साहेब? खोकी मी रोखीनं घेतो." चूक त्याची नव्हती, शब्दाची होती. सूत घेण्यापासून माल बोटीवर चढेपर्यंतच्या सगळ्या खर्चासाठी मिळणाऱ्या कर्जाला हे खोक्यांचे नाव कोणी दिले कोण जाणे.

वास्तविक या धंद्याचे शब्द आपल्या पेठांना परके नव्हते. 'साइट बिल' म्हणजे दर्शनी हुंडी, दाखवताक्षणी पैसे. 'युझन्स बिल' म्हणजे मुदती हुंडी. जुन्या अडत्याला एवढे सांगितले की पुढचे तोच मला समजावून सांगे. एक जोखमी हुंडीही असे. ती गलबतावर चढवलेल्या मालावर काढायची, आणि माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. गलबत बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे उधारी आणि विमा एकाच चिठ्ठीत! शिवाय जोखीम कोणाची, हे चिठ्ठीच्या नावातच. आम्ही हे बँकेच्या परीक्षेपुरते वाचले आणि विसरलो. पुढे इंग्रजी आद्याक्षरांची फौज आली आणि जोखीम कोणाची हे नावावरून कळेनासे झाले.

'लेटर ऑफ क्रेडिट', म्हणजे पतपत्र, याचेच पाहा. खरेदीदाराची बँक लिहून देते की अमुक कागद, अमुक शब्दांत, अमुक तारखेच्या आत आणा, पैसे मी देईन. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३३ पासून याचे नियम केले आहेत. माझ्या वेळी १ जानेवारी १९९४ पासून लागू झालेला पाचशे क्रमांकाचा मसुदा होता, २००७ पासून सहाशे क्रमांकाचा आहे. गाभा एकच: बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. हे वाक्य मी त्याला कधी वाचून दाखवले नव्हते. पतपत्र आले, त्याने ते देवापुढे ठेवले आणि माग सुरू केले.

पतपत्रात 'टेरी टॉवेल्स' होते. त्याच्या टायपिस्टने इन्व्हॉइसवर 'टर्किश टॉवेल्स' लिहिले. मी वजन जुळवले, खोक्यांची संख्या जुळवली, बोटीवर माल चढल्याची तारीख पाहिली, विम्याची रक्कम पाहिली. मालाच्या नावावरून माझी नजर सरळ घसरली. रोज सकाळी ज्याने अंग पुसतो त्याचे नाव कोण तपासतो? बिल वटवले, पैसे त्याच्या खात्यात जमा केले, कागद हॅम्बुर्गला रवाना.

टेलेक्स आला: इन्व्हॉइसवरील वर्णन पतपत्राशी जुळत नाही, कागद तुमच्या हवाली आहेत. नवे इन्व्हॉइस धाडावे, तर पतपत्राची मुदत संपलेली.

"टॉवेल बघितला का त्यांनी?"

"नाही."

"उघडून बघा म्हणा की हो! एकच हाय ते."

एकच होते हे हॅम्बुर्गलाही ठाऊक असणार. पण त्याने भागत नाही. लंडनच्या अपील न्यायालयाचा एक निकाल १९४३ च्या खंडात छापलेला आहे. पतपत्रात 'कोरोमंडल ग्राउंडनट्स' होते, आणि बोटीच्या पावतीवर यंत्राने सोललेले शेंगदाणे असे वर्णन. दोन्ही एकच, हे शेंगदाण्याच्या व्यापारात सगळ्यांना माहीत. न्यायालय म्हणाले, व्यापाऱ्यांच्या बोलीभाषा जाणून घेणे हे बँकेचे काम नव्हे. बँकेने पैसे नाकारले ते योग्यच. हा निकाल मला पाठ होता. हे त्याला सांगितले नाही, सांगायला तोंड नव्हते.

त्याचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "मग माल आता कुणाचा?" सौदा 'सीआयएफ हॅम्बुर्ग' होता. किंमत, विमा आणि भाडे त्यात धरलेले. भाडे आपण भरले म्हणजे हॅम्बुर्गपर्यंत जोखीम आपली, असा त्याचा समज, आणि तो फार जणांचा असतो. प्रत्यक्षात सीआयएफमध्ये खर्च विक्रेत्याकडे हॅम्बुर्गपर्यंत असतो, पण वाटेतली जोखीम माल बोटीवर चढला की खरेदीदाराची. 'एफओबी'तही जोखमीची रेघ तिथेच.

ही रेघ तेव्हा बोटीच्या कठड्यावर मानत. लंडनच्या गोदीत एकदा भारत सरकारने एफओबी घेतलेला आगीचा बंब यारीने चढवताना कठड्याच्या अलीकडेच कोसळला. बोट होती वालचंद हिराचंदांनी सहकाऱ्यांसह १९१९ साली उभारलेल्या सिंधिया कंपनीची. दुरुस्तीचा खर्च ९६६ पौंड, आणि बोट कंपनीची जबाबदारी ठरली फक्त २०० पौंडांची. १९५४ च्या त्या निकालात न्यायाधीश डेव्हलिन यांनी, यारीला माल झुलत असताना जोखीम इकडून तिकडे लोंबकळते, या कल्पनेची टिंगलच केली. तरी तो कठडा नियमांतून जायला २०१० ची आवृत्ती यावी लागली. आणि कंटेनर तर बोट लागण्याच्या कितीतरी आधी बंदराच्या आवारात सोपवावा लागतो. त्यासाठी 'एफसीए' ही वेगळी संज्ञा आहे, तरी आजही सर्रास एफओबी लिहितात, सवयीने.

पण या सगळ्याचा त्याला काय उपयोग? कागद परत फिरले म्हणजे टॉवेल त्याच्याच गळ्यात, वर हॅम्बुर्गच्या धक्क्यावर रोजचे डेमरेज. व्यापाऱ्याने मेहेरबानीच्या सुरात कळवले, अठरा टक्के कमी करा, सोडवून घेतो. निर्यात विम्यासाठी सरकारने १९५७ साली स्थापलेले महामंडळ, आजचे ईसीजीसी, आहे. खरेदीदार बुडाला, त्याच्या देशाने पैसे अडवले, तर ते धावून येते. निर्यातदाराच्या स्वतःच्या चुकीला नाही.

आणि बँक? बिल आम्ही 'विथ रिकोर्स' वटवले होते. तिकडून पैसे आले नाहीत, तर तुमच्याकडून परत घेऊ, असा त्याचा अर्थ. आम्ही व्याजासकट घेतले. व्याप पुरता मिटेपर्यंत त्याने चार माग विकले होते. चूक टायपिस्टची, ती न दिसणे माझे, आणि नावे पडली ती रक्कम त्याच्या खात्याला. वरिष्ठांना मी तोंडी म्हणालो की निदान व्याज तरी सोडावे. लेखी मागितले नाही. लेखी मागितले असते तर माझी नजरचूक कागदावर आली असती, आणि कागदाची किंमत मला माहीत होती.

तो भांडला नाही. पुढच्या पतपत्राच्या वेळी झेरॉक्स घेऊन आला आणि समोर बसला. "एकेक शब्द सांगा साहेब, मराठीत." दोन तास लागले. मागे गिऱ्हाइकांची रांग, हेडक्लार्क घड्याळाकडे पाहत होता. प्रत्येक शब्दापाशी तो एकच विचारी, "इथं बुडलं तर कुणाचं?" आणि समासात पेन्सिलीने 'माझं' किंवा 'त्याचं' असे लिही. 'विथ रिकोर्स'पाशी त्याने पेन्सिल थांबवली, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता 'माझं' लिहिले.