हॉप्सची कडू आम्लं आणि चरबीतला दाह

बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्स वेलीच्या मादी फुलोऱ्याची पाकळी उलगडली की तळाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. हे ल्युप्युलिन. ह्युम्युलोनसारखी कडू आम्लं आणि झँथोह्युमॉल यातच साठतात.

वजन फार वाढलं की मरू घातलेल्या चरबीपेशींभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी कडं करतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्यं सोडत राहतात. हा दाह मंद असतो, पण वर्षानुवर्षं शमत नाही. इन्सुलिनचं कामही त्यामुळे अडतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये झँथोह्युमॉल एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मुख्य मार्ग रोखतं. माणसांमधला ठळक पुरावा मात्र चरबीबद्दलचा आहे. जपानमधल्या २०१६ च्या चाचणीत वजन जास्त असलेल्या २०० प्रौढांपैकी ज्यांनी १२ आठवडे हॉप्सची पक्व कडू आम्लं घेतली, त्यांची पोटातली चरबी घटली.

म्हणून बिअरकडे वळू नये! उकळताना बहुतेक झँथोह्युमॉलचं आयसोझँथोह्युमॉल होतं. आतड्यातले काही जिवाणू त्यापासून इस्ट्रोजेनसारखं वागणारं द्रव्य बनवतात. तेव्हा हॉप्सच्या अर्काच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.