साथीच्या काळातील सागरी सुटी : दिवसांचा हिशेब

रायपूरपासून समुद्र दूर आहे. छत्तीसगडच्या या राजधानीला त्यातल्या त्यात सोयीचे किनारे म्हणजे पूर्वेकडील पुरी आणि विशाखापट्टणम. दोन्हींसाठी रेल्वेने पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते. येथील काही मराठी कुटुंबांचे पूर्वज अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यविस्ताराबरोबर या प्रदेशात आले. त्याच काळात ओडिशाही भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे येऊन उभा राहिला तोही मराठ्यांच्याच अमदानीत. पुरीचा किनारा त्यामुळे रायपूरच्या मराठी माणसाला परका वाटत नाही. कोकण आणि गोवा त्याच्या बोलण्यात अधिक येतात, प्रत्यक्षात तेथे जाणे कमी घडते; कारण मुंबईच येथून सुमारे अकराशे किलोमीटरवर आहे.

अशा गावातील कुटुंब समुद्रकाठी जायचे ठरवते तेव्हा मुक्काम किती दिवसांचा ठेवावा, हे एरवी दोन गोष्टींवर ठरते : रजा किती आणि पैसा किती. केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाकाठी ८ दिवसांची नैमित्तिक रजा असते. तिला रविवार जोडले, गाडीचे दोन दिवस वजा केले, की उत्तर निघते. २०२० साली कोविडची साथ आली आणि या साध्या गणितात तिसरी राशी शिरली. ती म्हणजे रोगाचे स्वतःचे दिवस.

रोगजंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला वैद्यकात परिपाककाल म्हणतात. कोविडच्या मूळ विषाणूच्या बाबतीत २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात असे आढळले, की लक्षणे दिसणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांत ती पाच दिवसांच्या आसपास दिसतात आणि जवळजवळ सर्वांमध्ये, म्हणजे शंभरातील सत्त्याण्णवांहून अधिक जणांत, साडेअकरा दिवसांच्या आत दिसतात. चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा जो नियम तेव्हा जगभर झाला, त्याचे मूळ येथे आहे. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीच रोगी दुसऱ्याला संसर्ग देऊ लागतो, आणि काहींना तर लक्षणे मुळीच होत नाहीत. निघताना प्रकृती ठणठणीत असणे म्हणजे रोगमुक्त असणे नव्हे.

मुक्कामाचे दिवस रोगाने ठरवावेत ही कल्पना मात्र जुनी आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा या नगराने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, १३७७ मध्ये प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना नगराबाहेर तीस दिवस थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हे नाव रूढ झाले. हा आकडा वैद्यकापेक्षा धर्मपरंपरेतून आला असावा असे मानले जाते. त्या काळी परिपाककाल मोजण्याचे साधन कोणाकडे होते? भारतातही साथ आणि बंदर यांचे नाते जुने आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्ल्यूएन्झा प्रथम मुंबई बंदरात दिसला आणि लोहमार्गांनी देशाच्या अंतर्भागात गेला. रायपूर ज्या मध्य प्रांतात होते, तो त्या साथीत सर्वाधिक मृत्यू सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता. समुद्र दूर असल्याने समुद्रमार्गे आलेले संकट दूर राहत नाही, हे या भागाने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवले आहे.

सागरी सुटीचे दोन प्रकार आहेत : जहाजावरील सफर आणि किनाऱ्यावर भाड्याने घेतलेले घर. दिवसांच्या हिशेबात हे दोन प्रकार एकमेकांच्या उलट वागतात, आणि सर्वसाधारण प्रवासी त्यांना एकाच मापाने मोजतो.

प्रथम जहाज. ‘डायमंड प्रिन्सेस’ हे प्रवासी जहाज २० जानेवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा बंदरातून सुमारे दोन आठवड्यांच्या सफरीवर निघाले. २५ जानेवारीला हाँगकाँग येथे उतरलेल्या एका प्रवाशाला कोविड झाल्याचे १ फेब्रुवारीला निश्चित झाले. ३ फेब्रुवारीला जहाज योकोहामाला परतले आणि सर्वांना जहाजावरच थांबवण्यात आले. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसे त्यावर होती. त्यांपैकी ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना चाचणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. पण त्यांना जेवण पोहोचवणारे, चादरी बदलणारे कर्मचारी काम करीतच राहिले आणि रात्री दाटीच्या खोल्यांत एकत्र झोपत राहिले. या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील बहुतेक प्रवासी नव्हे, कर्मचारी होते. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना विमानाने दिल्लीस आणले गेले. तेथून त्यांची रवानगी मानेसरच्या विलगीकरण केंद्रात झाली. दोन आठवड्यांची सफर अनेकांसाठी दीडदोन महिन्यांची झाली ती अशी.

या उदाहरणातील मर्म असे. एका माणसापासून दुसऱ्याला आणि दुसऱ्यापासून तिसऱ्याला संसर्ग होण्यास मूळ विषाणूच्या बाबतीत सुमारे पाच दिवसांचे अंतर पडे. याला संसर्गाची एक पिढी म्हणता येईल. तीन दिवसांच्या सफरीत जेमतेम एक पिढी निर्माण होते. आठवड्याच्या सफरीत दुसरीची सुरुवात होते. पंधरवड्यात तीन पिढ्या होऊ शकतात, आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून मोठी असते. भोजनगृह एक, जिने तेच, सभागृह तेच, सेवक तेच. अशा बंद वस्तीत दिवस दुप्पट केले म्हणजे धोका दुप्पट होतो असे नाही. तो त्याहून कितीतरी अधिक वाढतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने याच तर्काला नियमाचे रूप दिले. मार्च २०२० मध्ये तिने प्रवासी जहाजांच्या सफरी थांबवल्या होत्या. ३० ऑक्टोबर २०२० रोजी सफरी सशर्त सुरू करण्यासाठी जो आदेश निघाला, त्यात सात दिवसांहून लांब सफरीला मनाई होती. सुटीची लांबी साथरोगाच्या नियमाने ठरवून दिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. सिंगापूरने त्याच वर्षी नोव्हेंबरपासून दोनतीन रात्रींच्या, वाटेत कोणत्याही बंदरात न थांबणाऱ्या सफरी निम्म्या प्रवाशांनिशी सुरू केल्या. डिसेंबरमध्ये अशा एका सफरीवरील ८३ वर्षांच्या प्रवाशाची चाचणी होकारार्थी आली, जहाज तिसऱ्याच दिवशी माघारी वळले आणि सुमारे सतराशे प्रवासी तासन्‌तास जहाजावर अडकून पडले. पुढील चाचण्यांत त्या प्रवाशाला कोविड नसल्याचे निष्पन्न झाले. खोट्या इशाऱ्याचाही खर्च दिवसांतच मोजावा लागतो. मात्र सफर लहान आणि बंदर जवळ असल्यामुळे तो खर्च एका दिवसावर निभावला.

लहान सफर म्हणजे निर्धोक सफर, असा समज मात्र होऊ देऊ नये. तीन दिवसांच्या सफरीत दुसऱ्या दिवशी ज्याला संसर्ग होतो, त्याला ताप येतो तो घरी पोहोचल्यावर. जहाजाच्या नोंदवहीत तो रोगी नसतोच. घरातील आजीच्या वाट्याला मात्र तो येतो. निघण्यापूर्वी ७२ तासांत केलेल्या चाचणीचेही असेच आहे. संसर्गानंतरच्या पहिल्या तीनचार दिवसांत ही चाचणी बहुधा नकारार्थीच येते. नकारार्थी चाचणीचा कागद चाचणीच्या दिवसाविषयी थोडे सांगतो, पुढच्या तीन दिवसांविषयी काहीच सांगत नाही.

आता किनाऱ्यावरील घर. येथे धोक्याची वाटणी निराळी होते. गाडी, स्थानक, वाटेतील जेवण हा प्रवासाचा धोका जाताना एकदा व येताना एकदा पत्करावा लागतो. मुक्काम तीन दिवसांचा असो की पंधरा दिवसांचा, तो तेवढाच राहतो. केवळ समजण्यासाठी असे धरू, की एका वेळच्या प्रवासाचा धोका एक भाग आहे आणि घरात राहण्याचा दररोजचा धोका पाव भाग. नऊ दिवस समुद्रकाठी घालवायचे असतील आणि ते तीन-तीन दिवसांच्या तीन सहलींत वाटले, तर एकूण सव्वाआठ भाग होतात. तेच नऊ दिवस एका मुक्कामात घेतले तर सव्वाचार. एका लांब मुक्कामाचा धोका एका छोट्या मुक्कामाहून अधिक असतो हे खरेच. पण दिवस तेवढेच घ्यायचे असतील, तर ते एकत्र घेणे चांगले.

यालाही एक अट आहे. घर खरोखर घर असले पाहिजे : चूल स्वतंत्र, न्हाणीघर स्वतंत्र, दारे-खिडक्या उघडणाऱ्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेतील कोकणी घरांत पाहुणा यजमानाच्या घरातच राहतो आणि यजमानीणबाईंच्या हातचे जेवतो. एरवी हेच त्या घरांचे वैभव. साथीत मात्र तो जहाजाच्या भोजनगृहाचाच छोटा अवतार ठरतो, आणि धोका पाहुण्यापेक्षा यजमानाला अधिक असतो, कारण पाहुणे बदलत राहतात. अशा घरी गेलेल्यांनी पान पडवीत मांडून घ्यावे. उघड्यावर वारा वाहता असतो, आणि हा रोग पृष्ठभागांपेक्षा हवेतून अधिक पसरतो हे पुढे स्पष्ट झाले.

या सर्व गणिताची खरी परीक्षा महाराष्ट्रात झाली ती २०२० च्या गणेशोत्सवात. त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी जाणार हे ठरलेले. आणि मुंबईत साथ जोरात, गावात दवाखाना दूर, घरात म्हातारी माणसे. सिंधुदुर्गात चौदा दिवसांच्या विलगीकरणाचा आग्रह होता, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत गावात पोहोचणे आले. राज्य शासनाने अखेर दहा दिवसांचा अवधी ठरवला : १२ ऑगस्टपर्यंत यावे, नंतर येणाऱ्याने नकारार्थी चाचणी दाखवावी. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती, त्यांना दीड दिवसासाठी बारा दिवस द्यावे लागले. अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत, थांबणाऱ्याचे एकवीस दिवस गेले. पण त्यांतील अकरा तरी सणाचे होते. लांब मुक्कामात विलगीकरणाचे ओझे हलके होते ते असे. मात्र एकवीस दिवसांची रजा कोणाला मिळते? ज्याचे काम घरून होत होते त्याला, रोजंदारीवरच्याला नाही. गावकऱ्यांची भीती खोटी नव्हती आणि चाकरमान्यांचा संतापही खोटा नव्हता. नियमातील चार दिवसांच्या फरकावरून अनेक घरांत गणपतीला कोण येणार आणि कोण नाही, हे ठरले.

रायपूरच्या प्रवाशाला यात आणखी एक गोष्ट धरावी लागते : परतीची वाट. एप्रिल २०२१ चा पहिला पंधरवडा त्यासाठी आठवावा. छत्तीसगडमध्ये दुसरी लाट उसळली होती. ५ एप्रिलपासून ओडिशाने दहा जिल्ह्यांत, मुख्यतः छत्तीसगडच्या सीमेकडील, रात्रीची संचारबंदी लागू केली. ९ एप्रिलच्या संध्याकाळपासून रायपूर जिल्हा बंद झाला आणि त्याच्या सीमा रोखल्या गेल्या. प्रथम १९ एप्रिलपर्यंत जाहीर झालेली ही टाळेबंदी वाढत वाढत मे महिन्यात गेली. २४ एप्रिलपासून पुरीचे जगन्नाथमंदिरही भाविकांना बंद झाले. महिन्याच्या आरंभी चार दिवसांसाठी पुरीला निघालेल्या कुटुंबाला बाहेर पडताना यांपैकी काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. दूरच्या प्रवाशाने म्हणूनच मुक्कामाच्या शेवटी दोनतीन दिवस मोकळे ठेवावेत आणि तेवढे भाडे, औषधे व पैसे जवळ बाळगावेत. रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या परतीच्या दिवसापर्यंत पुरतील एवढ्याच नेणे ही नेहमीची चूक आहे.

परतल्यानंतरचे दिवसही सुटीतच मोजले पाहिजेत. लोक ते मोजत नाहीत. समजा, पंधरा दिवसांची अर्जित रजा आहे आणि घरी सत्तरी ओलांडलेले वडील आहेत. जाण्यायेण्याचे दोन दिवस. अडचणीसाठी राखलेले दोन. परतल्यावर वडिलांपासून निराळ्या खोलीत काढायचे पाच, कारण निम्म्या रुग्णांत लक्षण तेवढ्या अवधीत दिसते. खबरदारी अधिक हवी असेल तर सात. उरले सहा, फार तर चार. पंधरा दिवसांच्या रजेत समुद्र इतकाच. हे पटत नसेल तर दोन मार्ग उरतात : वडिलांना बरोबर नेणे, ज्यात लांबच्या रेल्वेप्रवासाचा धोका त्यांच्यावर येतो आणि रायपूरमधील एम्ससारखे रुग्णालय मागे राहते, किंवा बेत पुढे ढकलणे. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने रजा प्रवास सवलतीऐवजी खरेदीसाठी रक्कम देण्याची योजना काढली, तेव्हा पुष्कळ कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्षात हा दुसरा मार्ग पत्करलेलाच होता.

रोग बदलतो तसे हे आकडेही बदलतात. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉन प्रकाराचा परिपाककाल तीन दिवसांच्या आसपास होता. जानेवारी २०२२ मध्ये भारतात सौम्य रुग्णांच्या गृहविलगीकरणाचा अवधी सात दिवसांवर आला. वर मांडलेल्या हिशेबात पाचाच्या जागी तीन घातले, तर किनाऱ्यावरच्या घराचे गणित सोपे होते : परतल्यावरचे दिवस कमी होतात आणि समुद्राचे वाढतात. जहाजाचे गणित मात्र बिघडते. पिढीचा काळ आखडला की तीन रात्रींच्या सफरीतही आठवड्याच्या सफरीएवढा प्रसार होऊ शकतो. नववर्षाच्या सुमारास मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका प्रवासी जहाजावर एका कर्मचाऱ्याला संसर्ग झाल्याचे आढळले. ३ जानेवारी २०२२ रोजी हाती आलेल्या अहवालांत सुमारे दोन हजार जणांपैकी ६६ जण बाधित निघाले. जहाज प्रवाशांसह मुंबईला परतले, आणि तेथील तपासणीत आणखी बाधित सापडले.