इच्छेविरुद्ध उपचार : कायदा आणि कुटुंबाचे कर्तव्य

नीरेच्या काठी शिरवळच्या बाजारपेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. कर्ता मुलगा महिनाभर पेढीवर फिरकलेला नाही. जेवणात कोणी विष कालवते म्हणून त्याने अन्न सोडले आहे. डॉक्टरांचे नाव काढताच तो भावाच्या अंगावर धावून जातो. घरात दोन मते पडतात. ‘चार माणसे बोलवा, गाडीत घाला आणि पुण्याला न्या’, हे एक. ‘झाकली मूठ बरी, मुलींच्या सोयरिकी अडतील’, हे दुसरे. या दोहोंत रुग्णाला मात्र कोणी विचारीत नाही.

२९ मे २०१८ पासून लागू झालेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा येथे मार्ग दाखवतो. रुग्णाने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी दिली असेल, दुसऱ्यावर हिंसा केली असेल अथवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके अशक्य झाले असेल की त्याला इजा होण्याचा धोका आहे, तरच संमतीवाचून दाखल करता येते. अर्ज त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने करावयाचा. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसोपचार व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासणी करावयाची. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास ३ दिवसांत कळवावे लागते. रुग्णाला तेथे दाद मागता येते.

प्रसंग आणीबाणीचा असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर घरीसुद्धा ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावयाचे असते. कोठडीत ठेवता येत नाही. घरातच कोणाचे हाल होत असल्यास पोलिसांमार्फत दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाता येते.

साखळीने बांधण्यास तर कायद्याने पूर्ण बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांत जखडलेले २८ रुग्ण पळूही शकले नाहीत.

व्यापारी कुटुंबाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ आजाराचे निदान झाले म्हणून कोणी वेडा ठरत नाही. तसे ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून भावाला भागीदारीतून किंवा वाटणीतून बाजूला सारता येणार नाही.

ठेवीला वारस नेमण्यात आपण चुकत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. निरोगी असतानाच ते करून ठेवावे. आरंभीच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक विनामूल्य आहे.

मन, वचन आणि काया या तिन्हींनी हिंसा टाळावी, असे आपण मुलांना शिकवतो. लाजेपायी माडीवर कोंडून ठेवलेला आप्त त्या शिकवणीची कसोटी पाहत असतो.