बोटभर माशाच्या डोक्यातला ऑफलाइन मॅप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

"तुझी मेमरी माशासारखी आहे" हा डायलॉग मीही खूपदा मारलाय. आता नाही मारत. कारण आहे गोबी. भाजीतली नाही हो, मासा!

गोबीच्या ढीगभर जाती आहेत. आजचा आपला हिरो बाथिगोबियस सोपोरेटर. अटलांटिकच्या उबदार किनाऱ्यांवर, उथळ खडकांत राहणारा, बोटभर लांबीचा, खडकाच्याच रंगाचा. ओहोटी लागली की पाणी उतरतं आणि हा एखाद्या छोट्या डबक्यात अडकतो. तिथे बगळा किंवा ऑक्टोपस आला, तर पळणार कुठे? हा सरळ उडी मारतो आणि शेजारच्या डबक्यात पडतो. तिथून पुढच्या. असं करत करत थेट समुद्रात.

आता गंमत बघा. डबक्यात बसून शेजारचं डबकं दिसत नाही. उडी चुकली तर तापलेल्या कोरड्या खडकावर. मग नेम लागतो कसा?

लेस्टर अ‍ॅरॉन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1951 मध्ये यावर पेपर लिहिला. त्याचा अंदाज असा: भरतीच्या वेळी हे सगळे खडक पाण्याखाली असतात, तेव्हा मासा वरून पोहत कुठे खड्डा आहे ते लक्षात ठेवतो. म्हणजे नेटवर्क असताना मॅप डाउनलोड करायचा आणि नेटवर्क गेल्यावर वापरायचा!

त्याने कृत्रिम डबकी बनवून हे तपासलं. ज्या माशांना ती जागा भरतीत बघायलाच मिळाली नव्हती, त्यांच्या जेमतेम 15 टक्के उड्या बरोबर पडल्या. एक रात्र कृत्रिम भरती दिल्यावर? 97 टक्के. आणि ही आठवण 40 दिवसांनंतरही शाबूत होती. मला काल कुठे गाडी लावली ते आठवत नाही, मंडळी.

पुढे ऑस्ट्रेलियात असंही दिसलं, की खडकांत राहणाऱ्या गोबींच्या मेंदूचा पुढचा भाग वाळूत राहणाऱ्या गोबींपेक्षा मोठा असतो. वाळूत लक्षात ठेवण्यासारख्या खुणाच कमी ना!

पण या मॅपची एक अडचण आहे. तो त्याच खडकांचा असतो. खडक हलला, खड्डा बुजला, तर मॅप चुकीचा. आणि चुकीच्या मॅपवर मारलेली उडी शेवटची ठरू शकते.

गोबी आपल्या मुंबईच्या, कोकणाच्या खडकांतही असतात. ओहोटीला फिरायला गेलात तर डबक्याशेजारी दोन मिनिटं गप्प बसा, सावली पडू देऊ नका. काहीतरी सुळकन सरकेल. दगड उचलून बघितलात तर होता तिथे, होता तसाच ठेवा. आपल्यासाठी तो नुसता दगड असतो, कोणाच्या तरी डोक्यात तो पत्ता असतो.

भेटू पुढच्या भागात!